देवाआधी खुडलेली फुलं

“यंदा दसऱ्याला प्लास्टिकचं तोरण कुणीही लावायचं नाही. प्रत्येक दाराला खरी फुलं. माझ्या मळ्यातली!”

२०२०चा मे महिना. उइटहॉर्न ह्या डच गावातल्या मराठी मंडळींच्या ऑनलाइन गप्पांत पद्मजाने हे ठणकावून सांगितलं. स्क्रीनवरच्या एका चौकटीत वसुधाताईंनी चष्मा कपाळावर चढवला. वसुधाताई गावातल्या मराठी घरांमध्ये वयाने मोठ्या, आणि वयाची आठवण करून देण्यात त्याहून मोठ्या.

“अगं, ह्या गारठ्यात झेंडू? ऑक्टोबरात इथे माणसं कोमेजतात.”

“झेंडू नाही ताई, कॅलेंडुला. झेंडूची थंडी सोसणारी मावसबहीण समजा.”

“मावसबहीण देवाला चालते का, ते विचारून घेतलंस ना?”

सगळे हसले. पद्मजाही हसली, पण आतून तिने कंबर कसली होती. पुण्यात ती शाळेत भूगोल शिकवायची. रस्त्यात पोरं “बाई, बाई” करत मागे यायची. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आली आणि सहा वर्षं ‘अंबरीशची मिसेस’ होऊन राहिली. दारावर पाटी अंबरीशच्या नावाची, बँकेची पत्रं अंबरीशच्या नावाची. ह्या गावात ‘हे पद्मजाचं’ म्हणून दाखवावं असं काहीतरी तिला हवं होतं. आता ते मिळालं होतं: अर्धा वाफा.

तो दिला होता टिनेकेने. सत्तरी ओलांडलेल्या ह्या डच शेजारणीने गावाबाहेर भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा भाड्याने घेतला होता. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा तिने त्यातला अर्धा पद्मजाच्या हवाली केला. मधून पाण्याचा चर जायचा, जणू सरकारनेच अंतर मोजून खणलेला. अलीकडे पद्मजा, पलीकडे टिनेके. मास्क नको की काही नको. टिनेकेने चरावरून बियांची पुडी फेकली आणि ओरडून सांगितलं, “हिला लाड नकोत! उन्हाळा कडक झाला तरच ही रुसते. थंडी हिला आवडते.”

मग जूनमध्ये टिनेकेच्या लेकीने आईला ब्रेडा शहरात स्वतःकडे नेलं. दम्याचं दुखणं, साथीचे दिवस, एकटं राहायचं नाही. चरापलीकडे कुणी उरलं नाही.

कॅलेंडुला मात्र दृष्ट लागावी अशी आली. पद्मजाने संध्याकाळी जाऊन गोगलगायी वेचल्या, मावा पडला तो पाण्याने धुऊन काढला. जूनअखेर वाफा केशरी झाला. पहिलं फूल तिने घरच्या गणपतीला वाहिलं, हात जोडले आणि जाहीर केलं, “आता दसऱ्यापर्यंत एकालाही हात लावायचा नाही.”

बारा वर्षांच्या संहिताने एक फूल तोडून कानामागे खोचलंच.

“संहिता! ती देवाची आहेत!”

“बट आई, देव इज नॉट इव्हन युझिंग देम.”

“दसऱ्याला वापरणार आहे. तोवर राखायची.”

अंबरीश कॅमेरा बंद करून मीटिंग ऐकत होता. तो म्हणाला, “फुलांनाही क्वारंटाइन केलंस की गं.”

पद्मजाने ऐकून सोडून दिलं. तिच्या माहेरी फूल उगाच तोडत नसत. सकाळी पूजेपुरती परडी, बाकीची झाडावर. आणि ही तर बोलून ठेवलेली फुलं! ती रोज वाफ्यावर जायची, डोळे भरून बघायची, फोटो ग्रुपवर टाकायची. वसुधाताई अंगठा पाठवायच्या. फक्त अंगठा.

ऑगस्टमध्ये फोटो टाकावेसे वाटेनात. फुलं काळपट पडली, मागोमाग नवी कळी येईना. पद्मजाने खत घातलं, पाणी वाढवलं, गणपतीलाही दोन शब्द सुनावले. सप्टेंबरात वाफ्यावर उरली तपकिरी बोंडं आणि त्यांत नखांसारख्या वाकड्या बिया.

टिनेके ब्रेडाहून परतली, चराकाठी उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

“खुडली नाहीस?”

“सणासाठी राखली होती.” पद्मजाचं डच तोडकंमोडकं, पण एवढं तिला सांगता आलं.

“अगं बाई! फूल झाडावर ठेवलंस की ते बी धरतं. बी धरलं की झाडाला वाटतं, झालं आपलं काम. मग ते कशाला फुलेल? इथला उन्हाळा एवढासा. रोज खुडायचं, म्हणजे ते रोज नवं काढतं.”

पद्मजा वाफ्याच्या कडेलाच बसली. पाप लागेल म्हणून जी फुलं तोडली नाहीत, ती न तोडल्यानेच गेली होती.

ग्रुपवर तिने एका ओळीत लिहिलं: ‘यंदा फुलं नाहीत. माफ करा.’ दसऱ्याच्या सकाळी दार उघडलं तर कडीला पिशवी. आत प्लास्टिकचं तोरण आणि चिठ्ठी: ‘कोमेजणार नाही. — वसुधा.’

“लावू नकोस,” अंबरीश म्हणाला.

“लावणार,” पद्मजा म्हणाली. “वर्षभर डोळ्यांसमोर राहू दे.”

आणि ते वर्षभर राहिलं.

पुढच्या एप्रिलमध्ये थंडी अजून बोचत होती, तेव्हा तिने स्वतःच्याच वाफ्यातलं बी टोचलं. ते बी मात्र मोप होतं! जून उजाडला. पहिलं फूल गणपतीला. दुसऱ्या दिवशी परडी घेऊन ती वाफ्यात उभी राहिली, पण हात पुढे होईना.

चरापलीकडून टिनेके ओरडली, “खुड!”

“खुडते!”

“मग खुड की! तुझा देव काही म्हणाला, तर माझ्याकडे पाठव!”

पद्मजा खळखळून हसली आणि खुडत सुटली. बोटं चिकट झाली, त्यांना कडवट वास लागला. पण खुडलेलं फेकायचं नाही, हे माहेरचं वळण काही सुटलं नाही. फुलं टिनेकेची बहीण राहायची त्या वृद्धाश्रमात खिडकीशी ठेवायला गेली, सुकवलेल्या पाकळ्या संहिताने भातावर उधळल्या. उरलेल्या तेलात मुरवून मेण घातलेलं मलम झालं. सॅनिटायझरने ज्यांचे हात फुटले होते, ते डब्या मागायला दाराशी येऊ लागले. जितकी खुडावी तितकी झाडं जास्त फुलत. जुलैत तिने दुसरं बी टाकलं. म्हणूनच सप्टेंबरात जुन्या झाडांवर भुरीची पांढरी बुरशी आली तेव्हा ती डगमगली नाही. नव्या झाडांनी नुकत्याच कुठे कळ्या धरल्या होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून रिपरिप. सगळी फुलं मुठी आवळून बसलेली.

“आई, दे आर क्लोज्ड,” संहिता कुजबुजली.

पण ह्या खेपेला पद्मजा वाट बघत बसली नाही. “काप,” ती म्हणाली, “देठासकट. बादल्या आण.” भरलेल्या बादल्या टिनेकेच्या घरामागच्या काचघरात, उबेला, दिव्याखाली मांडल्या. दुपारी एकेक फूल उमललं आणि मायलेकींनी सुई-दोरा काढला. आंब्याची पानं नव्हती, म्हणून कुंपणावरच्या लॉरेलची, तशीच लांब आणि चकचकीत.

दसऱ्याला अंबरीशने कामावरून सुट्टी घेतली. सायकलीच्या पुढच्या खोक्यात तोरणं रचली आणि दारोदार पोचवली. परतला तो फुशारकी मारतच. “एका दारी विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, पद्मजाताईंचा डिलिव्हरी बॉय.”

वसुधाताईंकडे मात्र पद्मजा स्वतः गेली. एका हातात केशरी तोरण, दुसऱ्या हातात ते प्लास्टिकचं, धुऊन पुसून.

ताईंनी प्लास्टिकचं बाजूला ठेवलं, केशरी तोरण हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वास घेतला. “चांगलीच फुललीय की मावसबहीण. हिला राखलीस तरी कशी?”

“राखलीच नाही ताई. जूनपासून रोज खुडली.”

“देवाआधी?”

“पहिलं फूल त्याचंच. बाकीची खुडली, ती त्याला आज ताजी मिळावीत म्हणून.”

वसुधाताई पायाच्या चवड्यांवर उंच झाल्या. “उभी काय राहिलीस? धर ते टोक.” तोरण लागलं. मागे सरून त्या न्याहाळत राहिल्या, आणि आवाज न बदलता म्हणाल्या, “मलाही थोडं बी दे. मागच्या अंगणात लावीन म्हणते.”

“देईन,” पद्मजा म्हणाली. पुण्याच्या वर्गात उभी राहायची तशी ती ताठ उभी होती. “पण अट आहे ताई. रोज खुडायची. मी बघायला येणार.”

“येशील गं. बाईच तू!”