आतल्या खोलीतला दोर

आमचे भावजी चष्म्याच्या काचा घासायचे. दुकान दुसऱ्याचं. पुढे काउंटरवर दुसरेच लोक गोड बोलणार, आणि हे मागच्या कोंदट खोलीत चाकापुढे मान खाली घालून. काच घासायची, उजेडात धरायची, चूक दिसली की परत घासायची. चूक दिसेनाशी होईपर्यंत सोडायची नाही, एवढं एकच शास्त्र त्यांना येत होतं आणि तेच ते घरातही लावायचे. भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायला घेतलं की आख्खी सुट्टी त्यात गेली म्हणून समजा. आमचे हे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, पण तेही म्हणायचे, "ह्याच्या हातात काही देऊ नका, झिजवून परत देईल."

त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, अगदी उलट. तोंडाने फटकळ, पायाला भिंगरी. लग्नाआधी क्लबात तिरंदाजी करायची, आणि नेम असा की लग्नानंतरही रागावली की चमचा बरोबर सिंकमध्ये जाऊन पडायचा. एकदा कुठूनसं एक लांबलचक पिवळसर लाकूड घेऊन आली. साल तशीच, दोन्ही टोकांना मेण लावलेलं. बसमध्ये निम्म्या लोकांना ढोसत आणलं म्हणे.

"ह्याचं धनुष्य करायचं तुम्ही," भावजींना म्हणाली. "बारीक काम येतं ना? दाखवा मग."

"बघू या," भावजी म्हणाले.

लाकूड कपाटावर चढलं ते तिथेच राहिलं. साफसफाई निघाली की ती ते पुसायची आणि विचारायची, "कधी?" भावजी म्हणायचे, "बघू या." मग ती माझ्याकडे वळून म्हणायची, "ताई, ह्यांचं बघू या ऐकता ऐकता मी मरून जाईन बघा." आम्ही सगळे हसायचो. आणि गेली की हो खरंच! बोललेलं खरं करून दाखवायची एवढी हौस असते का कुणाला?

त्याआधी तिचं दुखणं लांबलं. वरच्या मजल्यावर एक लांब खोली आणि तिच्या आत एक छोटी, तिथे तिचा पलंग होता. पुरुष कामावर गेले की मी दार लावून तिचे केस विंचरायची. दार लावायचं कारण केस गळायला लागले होते आणि ते कुणाला दिसलेलं तिला खपायचं नाही. आता माझा हात आहे जड. कपांचे कान माझ्या हातात राहतात, कड्या निखळतात. फणी अडकली की मी आपली ओढायची, आणि ती ओरडायची, "अहो ताई, केस आहेत ते, दोर नाही! हळू ओढा!" मग आम्ही दोघी हसायचो. फणीतला गुंता मी मुठीत लपवून बाहेर न्यायची. हे आमच्या दोघींतलं. तिसऱ्या कुणाला मी कधी सांगितलं नाही, सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

ती गेल्यावर भावजींनी स्टुलावर चढून ते लाकूड खाली काढलं. मला इतका राग आला! आता आठवलं का? पण त्यांचा चेहरा बघितला आणि पुढे होऊन स्टूल धरलं.

क्लबात धनुष्यं दुरुस्त करणारे एक म्हातारे होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. लाकूड त्यांच्याकडूनच आलं होतं. भावजी त्यांच्याकडे जाऊन शिकून आले. साल काढली की लाकडाचा एकच थर पाठीवर, म्हणजे सालीच्या बाजूला, टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवायचा आणि मग पाठीला हत्यार लावायचं नाही. काय काढायचं ते पोटाच्या, म्हणजे आतल्या बाजूने. काठीला धनुष्याचा आकार आला की तिला वाकायला शिकवायचं. भिंतीवर खुंटी ठोकून धनुष्य आडवं टेकवायचं, दोन टोकांना दोरी बांधायची, त्या दोरीला मधोमध दोर लावून खालच्या पुलीतून न्यायचा. एकाने दोर थोडा थोडा ओढायचा आणि दुसऱ्याने लांब उभं राहून बघायचं. जी बाजू ताठ राहते तिच्या पोटातून खरवडायचं, परत ओढून बघायचं. असं करत दोन्ही बाजू सारख्या वाकल्या की झालं.

"आणि मग थांबायचं," उस्तादांनी निक्षून सांगितलं होतं. "नवा माणूस थांबत नाही. इकडून काढतो, मग तिकडून काढतो, शेवटी हातात काडी राहते."

खुंटीजोगी भिंत आतल्या खोलीच्या दाराशेजारचीच होती. त्यामुळे पुलीतून निघालेला दोर अर्धवट उघड्या दारातून आतल्या खोलीत गेला, आणि तो ओढायला मी. तिच्या रिकाम्या पलंगावर बसायचं, बाहेरचं काही दिसायचं नाही, नुसता भावजींचा आवाज यायचा, "ओढा वहिनी. बस." पहिल्याच दिवशी मी माझ्या सवयीने हिसका दिला. लाकडात कुठेतरी टिक्‌ असं वाजलं आणि भावजी असे किंचाळले की माझ्या हातातून दोरच सुटला. लाकूड वाचलं. पण माझी खालच्या मजल्यावर कपडे दुरुस्तीची कामं, गिऱ्हाइकं दारात ताटकळलेली. एक दिवस भडकलेच मी.

"मला काय दुसरा धंदा नाही? आणखी एक पुली लावा आणि दोर वळवून तुमच्या हातात घ्या!"

"बघू या," ते म्हणाले. त्यानंतर मला कधी हाक आली नाही, तेव्हा लावली असेल पुली, असं मी धरून चालले.

खाली मशीनवर बसलं की वरचं सगळं ऐकू यायचं. खरवडल्याचा आवाज. मग त्यांची पावलं लांबच्या भिंतीपर्यंत. मग पुलीची कुरकुर. मग "अजून थोडं. अजून. बस." आमच्या ह्यांना म्हटलं, "भावजी एकटेच बोलतात हो." तर हे म्हणाले, "एकटा माणूस बोलणारच. तू काय शिवताना गप्प असतेस?" पण तो "बस" मला खटकायचा. मला ओढायला लावायचे तेव्हा त्यांचा आवाज असा मऊ नव्हता.

हळूहळू त्यांनी दुकानात जाणं सोडलं. मी वर ठेवलेलं जेवण तसंच परत यायचं. मनगटं बघवेनात. झाडून काढलेला भुसाही बदलत गेला. आधी मोठमोठ्या ढलप्या निघायच्या, मग नखांएवढे तुकडे, आणि पुढे पुढे नुसती पावडर. म्हणजे धनुष्यही बारीक होत होतं आणि माणूसही. मला भीती वाटायला लागली. मीच उस्तादांना निरोप धाडला, की एकदा येऊन बघून जा आणि भावजींना आवरा.

ते आले त्या दुपारी मी बाजारात गेले होते. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात पोचते तर उस्ताद जिना उतरत होते. मला बघून थांबले. माझ्याकडे बघितलं, पिशव्यांकडे बघितलं.

"तुम्ही बाहेर होतात?" त्यांनी विचारलं.

"मग काय! सकाळपासून पायपीट चाललीय."

"मला वाटलं, आत तुम्हीच आहात." त्यांनी मागे वळून जिन्याकडे बघितलं. "मी मनात म्हटलं, काय हात आहे बाईचा! इतका एकसारखा दोर ओढलेला मी बघितला नाही. घरात आणखी कोण असतं?"

"ह्या वेळी कुणी नसतं," मी म्हटलं, आणि माझ्या हातातून पिशवी सुटली. कांदे पार गटारापर्यंत गेले, पण दोघांपैकी कुणी वाकलं नाही.

उस्ताद कठड्याला धरून उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, ते धनुष्य कधीच झालंय. सुंदर झालंय. तो उगाच खरवडत बसलाय. आणखी एकदा हत्यार फिरलं तर ओढताना मोडेल. आणि ते मोडलं, तर तो माणूस काही उभा राहायचा नाही." एवढं बोलून ते गेले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी.

मी वर गेले. दार उघडंच होतं. भावजी खोलीच्या लांबच्या टोकाला भिंतीला पाठ लावून उभे होते. दोन्ही हात रिकामे, बाजूला सोडलेले. समोर खुंटीवर धनुष्य वाकत होतं. पुली कुरकुरत होती, आणि दोर तिच्यातून निघून ताठ, अगदी ताठ, आतल्या खोलीच्या अंधारात गेला होता.

"अजून थोडं," भावजी म्हणाले. धनुष्य आणखी वाकलं.

"भावजी!"

दोर ढिला पडला. सुटला नाही हं, सावकाश ढिला झाला, धनुष्याला धक्का बसू नये असा. मी तशीच दार ढकलून आत घुसले, कारण थांबले असते तर परत धीर झाला नसता. आत कुणी नव्हतं. दोराचं टोक पलंगावर पडलं होतं आणि चादर कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी चेपलेली होती. मी टोक हातात घेतलं. ते कोमट होतं.

बाहेर आले तेव्हा भावजी खाली भुशात बसले होते. हातात खरवडणी.

"तुम्ही यायचं थांबवलंत, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून," ते म्हणाले. "मी सवयीने 'ओढा' म्हटलं आणि दोर ओढला गेला. पहिल्यांदा मीही घाबरलो, वहिनी."

"उस्ताद म्हणतात धनुष्य झालंय."

"माहीत आहे मला."

"मग खरवडताय कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी बावळट प्रश्न विचारला होता. "झालं म्हटलं की ती कशाला येईल?" ते म्हणाले. "ओढायला काही उरणारच नाही. रोज एवढंसंच काढतो मी, वहिनी. अगदी एवढंसं." त्यांनी चिमूट दाखवली आणि ढसाढसा रडायला लागले.

मला कीव यायला हवी होती. आला राग. माझं हे असंच आहे, भीती वाटली की मी भांडते.

"वा रे वा!" मी म्हटलं. "म्हणजे ती बिचारी अंधारात दोर धरून बसलीय आणि तुम्ही इथून मजेत बघताय? तिचं धनुष्य ना ते? तिने आणलं, तिने पुसलं, जन्मभर वाट बघितली. तिने एकदा तरी बघितलंय का वाकताना? आत बसून काही दिसत नाही, मी बसलेय तिथे, मला माहीत आहे! आणि उद्या तुमच्या चिमटीने ते मोडलं म्हणजे? तिच्याच हातात मोडणार, भावजी. तिच्या हातात!"

ते रडायचे थांबले. मग उठले, खरवडणी खिडकीत ठेवली आणि लांबच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. भिंतीच्या मधोमध नाही, थोडे बाजूला सरकून. शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"तुम्ही ओढाल, वहिनी?" त्यांनी विचारलं.

आता आली का पंचाईत! पण तोंड मीच उघडलं होतं. आत गेले. पलंगावर बसायचा धीर झाला नाही, उभ्यानेच दोर धरला. ह्या वेळी तो गार होता. खोलीही नुसती खोली होती, बंद राहिलेल्या खोलीला येतो तेवढाच वास.

"ओढा," बाहेरून आवाज आला.

ओढला. पुली कुरकुरली. पण माझा हा जड हात, आणि कानात ते पहिल्या दिवशीचं टिक्‌. उस्तादांचं बोलणंही डोक्यातून जाईना. थोडासा ओढला आणि थांबले.

"अजून," भावजी म्हणाले.

"मोडेल हो माझ्या हातून!" मी ओरडले. घामाने दोर निसटत होता. "मला नाही जमणार! सोडते मी!"

मग भावजी हसले. मला शपथेवर विचारा, ती गेल्यापासून ते हसलेले मी ऐकले नव्हते. आणि हसत हसतच, दुसऱ्याचा निरोप सांगावा तसं, ते म्हणाले,

"ती म्हणतेय, ताई, केस नाहीत ते, दोर आहे. ओढा बिनधास्त."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीती, खरं सांगते, तिथेच संपली. मी दोर मुठीला गुंडाळला आणि माझ्या स्वतःच्या जड हाताने, असा तसा नाही, पूर्ण ओढला. टिक्‌ नाही, काही नाही. पलीकडून लाकूड आपलं येत राहिलं, येत राहिलं, आणि जिथे थांबायचं तिथे मला आपोआप कळलं.

"झालं," भावजी म्हणाले. बस नाही म्हणाले.

मी सावकाश ढील दिली आणि बाहेर आले. ते तिथेच उभे होते. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. ते दाराकडे बघत होते, जिन्याच्या दाराकडे, पाहुण्यांना पोचवून आल्यावर माणूस बघतो तसे. मी पुलीजवळ गेले, दोर गोळा करायला लागले. नुसता दोर होता तो.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "केसांचं काय म्हणत होती ती? मला काही कळलं नाही. तुम्हाला कळेल म्हणाली."

"ते आमचं दोघींचं आहे," मी म्हटलं, आणि तिथेच भुशात बसून भोकाड पसरलं.