गुळवेलीचा फेस

एम.एस्सी.ला असताना सरांनी मला गुळवेलीच्या अर्कात कोणकोणती औषधी द्रव्यं आहेत ते शोधायला लावलं. वेल मोताळ्याजवळच्या एका बांधावरच्या कडुलिंबावरूनच आणायची, कारण लिंबावरची गुळवेल जास्त गुणाची. हे मत मुळात सरांच्या आईचं. प्रबंधात ते 'पारंपरिक ज्ञान' झालं.

पहिली चाचणी सॅपोनिनची, म्हणजे रिठ्यात असतं त्या फेसाळ द्रव्याची. अर्कात पाणी घालून परीक्षानळी जोरात हलवायची. फेस टिकला की सॅपोनिन आहे. आमचा फेस असा टिकला की मी डबा खाऊन आलो तरी तो जागचा हलला नव्हता. सर धन्य झाले. मग अडुळसा तपासला, फेस. तुळस तपासली, फेस. त्या उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडणाऱ्या प्रत्येक झाडपाल्याला सॅपोनिन फुटत होतं.

शेवटी मी नुसतं पाणी घालून नळी हलवली. फेस. कॉलेजात पाण्याची बोंब, त्यामुळे सगळ्या नळ्या कपड्याच्या पावडरीनं घासून एकाच बादलीत बुचकळल्या जायच्या.

ती नळी मी सरांना नेऊन दाखवली आणि बादलीचंही सांगितलं.

"नुसतं पाणी काऊन तपासलं बे?" ते म्हणाले. "आपला विषय गुळवेल हाये, पाणी नाई."