मालकांच्या नावाचं कुलूप

माझ्या बोटांना ठसे राहिलेले नाहीत. निपाणीत विड्या वळणाऱ्या बऱ्याच बायकांचं असंच आहे. पान आणि तंबाखू बोटांच्या रेघा खाऊन टाकतात. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र नाही म्हणतं आणि रांगेतली माणसं चुळबुळायला लागतात. मुलानं मला फोन घेऊन दिला, तोही तसाच वागला. आकडे घालून उघडायचा म्हटलं तर आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत.

नात बेळगावात इंजिनिअरिंग शिकते. तिला कॉलेजात नेमकं हेच काम दिलं होतं, की फोन उघडायच्या नव्या गमतीदार तऱ्हा शोधून काढा. सुट्टीला घरी आली आणि माझ्या मागं लागली. आधी तिनं सुपात पाखडल्यासारखा फोन हलवला की उघडेल असं केलं. मी सवयीनं पाखडला. फोन हातातून सुटला तो म्हशीच्या बादलीत पडला.

"आज्जी, जोंधळं न्हाईत ते," नात म्हणाली.

"मग पाखडायला कशाला सांगतीस?"

फोन तांदळात घालून वाळवला. मग तिनं पडद्यावर ठिपके आणले. दारात मी रोज कमळाची रांगोळी काढते, तीच बोटानं काढली की फोन उघडायचा. हे मला जमलं. पण माझं कमळ गल्लीतल्या सगळ्या बायकांना पाठ आहे. शेजारीण आली, फोन घेतला, कमळ काढलं आणि फोटो बघत बसली. "सुनंला नवी साडी घेतलीसा व्हय? बोलला न्हाईसा," म्हणाली.

मग नात म्हणाली, "नुसत्या तुझ्याच आवाजानं उघडणारं करू. असा शब्द सांग, जो तू कुणाम्होरं कधीच बोलत न्हाईस."

असा माझ्याकडं एकच शब्द होता. मालकांचं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर घेतलं नाही. हाक मारायची तर "अवो". कचेरीत कुणी विचारलं तर मी कार्ड पुढं करते. त्यांनी वाचावं. हे नाव माझ्या तोंडून ऐकलेलं माणूस गावात मिळायचं नाही, म्हणजे चोरणार कोण? नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती लई हसली. कॉलेजातही सगळ्यांना ते आवडलं म्हणे. नडीअडचणीला म्हणून ती एक आकडाही घालून देत होती, पण मी नको म्हटलं. माझ्याच डोक्यातली युक्ती, तिचा मला ताठा चढला होता.

फोन उघडायचा झाला की मी गोठ्यात जायची. म्हशीकडं तोंड करून नाव घ्यायची, हळू आवाजात, आणि उघडा फोन घेऊन बाहेर यायची. मालक एकदा म्हणाले, "फोन करायला म्हशीजवळ कशाला जातीस गं?"

"घरात रेंज न्हाय," मी म्हटलं.

आमच्या घरात माझे थोरले दीरही असतात. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही. तेही माझ्याशी थेट बोलत नाहीत. "धाकटीला सांगा, च्या कर म्हणावं," असं भिंतीला सांगतात आणि मी चहा करते.

संकष्टीच्या दिवशी मालक, दीर आणि मी असे तिघं हिंडलग्याला नणंदेकडं निघालो होतो. बेळगावच्या स्टँडवर पुढच्या बसची वाट बघत बसलो. मालकांना साखर आहे. सकाळी त्यांनी गोळी घेतली होती, आणि उपास म्हणून पोटात काही नव्हतं. बसल्या बसल्या त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते बाकावर कलंडले. डोळे मिटले. विचारलं तर नुसतं पुटपुटायला लागले.

माणसं जमली. एक कॉलेजची मुलगी पुढं आली. "आज्जी, गोळ्या कुठल्या चालू हाईत?"

"चिठ्ठीचा फोटो फोनात हाय. मुलाचा नंबर बी त्यातच हाय."

"मग उघडा की."

मी कोपऱ्याकडं तोंड करून नाव घेतलं, गोठ्यात घेते तसं. स्टँडच्या कालव्यात फोनला ते ऐकू गेलं नाही.

"आकडा काय हाय? मी घालते," मुलगी म्हणाली.

"आकडा न्हाय. नाव हाय."

"कुणाचं?"

मी बाकावरच्या मालकांकडं बघितलं. गजरे विकणारी एक बाई टोपली घेऊन उभी होती, तिला बरोबर कळलं. "धन्याचं असंल. बोल की बाई."

"उखाणा घ्या, मावशी," मागून एक बाप्या म्हणाला, आणि दोघंतिघं हसले.

दीर माझ्या शेजारी उभे होते. मी पदर ओढून घेतला आणि तशीच राहिले. हिंडलग्याची बस आली, भरली आणि गेली. मालक तोंड उघडं टाकून पडलेले.

शेवटी दीर समोरच्या खांबाला म्हणाले, "धाकटीला सांगा, मी फिरलोय तिकडं." आणि त्यांनी पाठ केली.

मी मोठ्यानं नाव घेतलं. फोन उघडला नाही. त्याला माझा गोठ्यातला आवाज माहीत, हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा ओरडले. अख्ख्या स्टँडानं माना वळवल्या. आणि बाकावरून मालकांनी डोळे न उघडता, शाळेत हजेरीला देतात तशी "ओ" दिली.

"जित्ता हाय गं," गजरेवाली म्हणाली. "खाल्लंय काय त्यांनी?"

"उपास हाय. साखर बी हाय त्यास्नी."

"आन गोळी?"

"घेतलीया."

"मग बघत काय बसलीस? गोड घाल तोंडात."

नणंदेला द्यायला गुळाची ढेप आणली होती. ती पिशवीत माझ्या पायाशीच होती. मघापासून माझं पाऊल तिला टेकलेलं होतं. बाकाच्या कडेवर ढेप फोडली आणि खडा त्यांच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं ते उठून बसले. "मला कोण हाक मारत हुतं?" त्यांनी विचारलं. मी गुळाचा दुसरा खडा पुढं केला.

पुढं डॉक्टरला दाखवलं. बरे आहेत. नातीनं ते कुलूप काढून टाकलं. ही गोष्ट कॉलेजात सांगू का म्हणाली, मी नको म्हटलं. फोनवर आता परत कमळ आहे. शेजारणीला साड्या बघायच्या तर बघू दे.

गर्दीत हिंडलग्याचं एक माणूस होतं, त्यामुळं नणंदेला सगळं कळलंच. "वैनी, स्टँडात उखाणा घेतलासा म्हणं." त्या चेष्टेचं मला काही नाही. तिचा भाऊ मरायला टेकला होता, गूळ माझ्या पायाशी होता, आणि मी कोण ऐकेल ते बघत उभी होते. हे कुणी मला म्हणत नाही. माझं मीच म्हणते.

नणंदेनं दिरांनाही विचारलं, "आण्णा, तू तर शेजारी हुतास. खरं काय?"

"मला काय ऐकू आलं न्हाय," ते म्हणाले. "कान गेल्यात माझं."

त्यांचे कान ठणठणीत आहेत. चुलीवर दूध उतू जायला लागलं तर त्यांना अंगणात कळतं. पण एकदा बोलले ते त्यांनी धरून ठेवलं आहे. आता घरातले, भावकीतले सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात, पोरं चेष्टा करतात, आणि ते हात कानामागं धरून "आँ?" करतात. मी त्यांचं ताट वाढते आणि वर बघत नाही.