अळ्यांची सोयरीक

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी बाजारहत्नूरच्या माझ्या बियाण्यांच्या दुकानात होतो. अक्का गेली, एवढंच म्हणाले... छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं. तेव्हापासून माझं बूड खुर्चीला टेकत नाही. उगाच दुकानातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दुकानात फिरत राहतो.

सुमनअक्का माझी मोठी बहीण. कुणाची पोरगी कुणाच्या घरी शोभेल हे गावात तिला विचारून ठरायचं, आणि नाही विचारलं तरी ती सांगायचीच. बीटी कापूस आला तेव्हा पाकिटासोबत साध्या कापसाची छोटी पुडी यायची, शेताच्या कडेनं पेरायला. लोक ती फेकून देत, भाऊजीसुद्धा. अळ्यांना पंगत कोण वाढणार? मग एका शेतकी अधिकाऱ्यानं गावात येऊन समजावलं. मातीतल्या एका जिवाणूचा गुण या झाडात घातलाय, म्हणून त्या जिवाणूचं प्रथिन झाड स्वतःच बनवतं. अळीनं पान खाल्लं की आतडं फाटून ती मरते. माणसाला, गुरांना काही होत नाही. पण एखादी निब्बर अळी तेही पचवते. बाकीचे जांभया देत होते. अक्कानं घरी येऊन भाऊजींना सुनावलं, "निब्बर अळीले निब्बरच जोडीदार भेटला तं लेकरं निब्बरच होतीन. साध्या कपाशीवर नाजूक अळ्या जगू द्या. सोयरीक तिकडं झाली पायजे."

तेव्हापासून दर पेरणीला भाऊजी पुडी भिरकावत आणि अक्का ती उचलून आणून कडेला पेरत असे. शेजाऱ्यांच्या धुऱ्याबांधांवरूनही पुड्या गोळा करी, त्यावरून भांडणं होत. लोक तिला अळ्यांची विहीण म्हणत. पुढे बीटीही पचवणारी गुलाबी बोंडअळी आली ती सगळ्यांच्याच बोंडांत, अक्काच्याही. झाली का सोयरीक, असं भाऊजी बोलून गेले आणि ती त्या दिवशी जेवली नाही. अख्खं शिवार ऐकत नसेल तर एका बाईच्या कडेनं काय होणार? मला अजून संताप येतो. तिनं मात्र पुढच्या साली पुन्हा पेरलंच.

जाण्याच्या थोडे दिवस आधी ती दुकानात आली होती. यंदा साधं बी पाकिटातच मिसळून आलंय, आता कुणाला फेकताच येणार नाही, असं मी तिला सांगितलं. वाटलं, खूश होईल. बरं झालं, म्हणाली. मग बराच वेळ रस्त्याकडे बघत बसली.

"आता भांडू कोनासंग रे?"

चहा न घेताच गेली.

मृगात मी बियाणं घेऊन भाऊजींच्या शेतावर गेलो. त्यांनी पाकीट फोडून तळहातावर ओतलं. सगळं बी एकाच रंगाचं. ते बोटानं चाळत राहिले.

"याच्यातलं तिचं कोनतं?"

इतकी वर्षं बियाणं विकतोय, पण ते डोळ्यांनी ओळखू येत नाही. तसं मी सांगितलं. त्यांनी मूठ मिटली, मग बी लावायला ओळीनं उभ्या असलेल्या बायांकडे वळले.

"एक बी दाना सांडू नका."