डावीकडची उभी स्क्रीन

आमच्या बेल्यात शाळेमागच्या पिंपळाखालून जाताना भलेभले पाय उचलतात. मी मात्र तिथेच उभी राहून फोनवर बोलते, कारण रेंज तिथेच येते. सांगायचा मुद्दा, भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. पण गेल्या नवरात्रात जे झालं त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कॉम्प्युटरमधलं कळत असेल तर खुशाल माझी चूक काढा... मला आवडेल.

बेला म्हणजे आदिलाबाद जिल्ह्याचं टोक, पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरात आई आणि मी, दोघीच. हैदराबादच्या एका कंपनीसाठी मी घरून, वायरने आलेल्या इंटरनेटवर काम करते – स्कॅनच्या चित्रांवर खुणा करायच्या. एका स्क्रीनवर चित्र, दुसऱ्यावर सूचना. त्यामुळे दोन स्क्रीन हव्यातच. तेव्हा मी नवीन होते आणि अट साफ होती: खंडेनवमीला दुपारी कंपनीच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर दोन्ही स्क्रीन चालताना बघणार. नाही चालल्या, तर दसऱ्यानंतर हैदराबादला हजर व्हायचं. आईचे गुडघे असे की मोरीपर्यंत जायलाही ती भिंत धरते. तिला एकटीला टाकून जायच्या विचारानेच माझी झोप उडाली होती.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, ते मला दादाने शिकवलं. माझा मोठा भाऊ, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याची एक तऱ्हा होती – दुसरा मॉनिटर डावीकडे ठेवायचा आणि तोही उभा, आपण फोन धरतो तसा. डावीकडे, कारण तिथे खुर्ची ओढून मी शिकायला बसायचे. उभा, कारण लांबलचक एररसुद्धा त्यात एका नजरेत मावायचा. मी घाबरले की म्हणायचा, "आधी पूर्ण वाच, मंग रड."

तर नवमीच्या सकाळी मी सिस्टम अपडेट केली. (हो, नेमकी त्याच दिवशी. हसा.) नवा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, आला आणि स्क्रीनवर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने मान टाकली. लॅपटॉप चालू, पण बाहेरच्या मॉनिटरवर काळाकुट्ट अंधार. जुना कर्नल निवडून पाहिला – अंधार. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला – अंधार. केबल बदलली. सिस्टमचं एकच पालुपद, दुसरा मॉनिटर जोडलेलाच नाही.

त्यात आईचा हट्ट. नवमीला आमच्याकडे अवजारं बसतात, म्हणजे धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात आणि दसऱ्याला उठवेपर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. विळे, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास... आणि त्याच रांगेत दादाचा मॉनिटर. तो गेल्यापासून दर वर्षी आई तो कपाटातून काढून पुजते आणि पुन्हा ठेवून देते.

"काऊन वं," आई म्हणाली, "आज अवजार बसते, अन् तू त्याच्याच मांगं लागून राह्यली."

"आई, आज हे नाही चाललं तं मले हैदराबादले जा लागते."

आई भिंत धरून उठली आणि पाटासमोर हात जोडले. "ह्यो लय साल बसला," ती मॉनिटरकडे बघत म्हणाली. "आज याले उठवू. पोरीचं काम हाय, थो नाई म्हननार नाई."

मला खरं तर चीड आली. बिघाड ड्रायव्हरचा आहे, मॉनिटर बदलून काय होणार! पण तिचं मन मोडवेना. उजवीकडे नवा मॉनिटर होता, म्हणून दादाचा मी डावीकडे ठेवला. पाटावर तो उभा होता, तसाच उभा. हळदकुंकू पुसलंही नाही. नव्याची केबल काढली आणि त्याला लावली.

तो लागला.

नुसता लागला नाही... चित्र उभं आणि सरळ आलं. मी माउस डावीकडे नेला, तर बाण अलगद त्याच्यावर गेला. मी एक अक्षरही टाइप केलं नव्हतं. ज्यांना हे काम माहीत आहे ते सांगतील, नवा जोडलेला मॉनिटर सहसा उजवीकडे धरला जातो आणि आडवा. डावीकडे, उभा असं आपणच सांगावं लागतं. मॉनिटर स्वतःचं नाव आणि माप सांगतो, आपल्याला कुठे ठेवलंय ते त्याला कळत नाही. आणि माझा लॅपटॉप दादा गेल्यानंतर घेतलेला. या दोघांची कधी गाठच पडली नव्हती.

मी ढसाढसा रडायला लागले. भीतीने नाही, खरंच नाही. आईने पाठीवर हात ठेवला. "आधी पूर्ण वाच म्हने ना थो?"

मग एररची खिडकी तिकडे ओढली आणि वाचलं. सकाळपासून ज्या एररची वरची चार वाक्यं बघून मी पुढे पळत होते, तो त्या उभ्या स्क्रीनवर अख्खा दिसत होता. शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं – ड्रायव्हर तयार व्हायला लागणाऱ्या फायलीच नाहीत. त्या टाकल्या, ड्रायव्हर नीट बसला, नवा मॉनिटरही उजळला. कॉलवर मॅडम दोन मिनिटं बघून म्हणाल्या, "सरे अम्मा, घर से ही करो." सरे म्हणजे ठीक आहे. आईला तेवढं तेलुगू येतं. तिने तिथल्या तिथे साखर ठेवली – माझ्या आणि मॉनिटरच्या पुढ्यात.

मी नंतर ऑनलाइन विचारून पाहिलं. कुणी म्हणालं जुनी सेटिंग राहिली असेल, पण सिस्टम मी नव्याने टाकलेली होती. कुणी म्हणालं मॉनिटरमध्ये उभं-आडवं ओळखणारा सेन्सर असेल. मी मागचं झाकण उघडून पाहिलं, नाहीये. आणि मुळात ड्रायव्हर दुरुस्त होण्याआधी तो लागलाच कसा?

आता नवा मॉनिटर आईला तिच्या मालिका बघायला दिलाय, मी लॅपटॉप आणि दादाचा मॉनिटर, एवढ्यावरच काम करते. डावीकडे, उभा, ही सेटिंग मी आजवर कुठेही सेव्ह केलेली नाही, मुद्दामच. रोज सकाळी लॅपटॉप सुरू करते आणि आधी डावीकडे बघते. अजून एकदाही ती स्क्रीन आडवी आलेली नाही.