नदीची तपासणी

बहारीनच्या सित्रा बेटावरच्या आमच्या कंपनीत पाइपलाइन तपासणं हे माझ्या एका सहकाऱ्याचं काम. झिंज या आमच्या वस्तीतून कंपनीची बस सुटली की त्यांची नजर बसवरही फिरायची. "पाहा, हा नट ढिला हाय," असं आपल्या नागपुरी बोलीत म्हणत ते खिशातल्या पान्याने तो आवळायचे. आमच्या घरी चहाला आले, तर आधी स्वयंपाकघरातला नळ बघायचे. त्यांच्या वहीत प्रत्येक नोंदीखाली बहुधा एकच शेरा असे : दुरुस्ती हवी.

कुवेतचं युद्ध संपल्यावर त्यांना पहिल्यांदा लांब सुट्टी मिळाली. इतकी वर्षं नागपुरात एकटीने राहिलेल्या बायकोला घेऊन ते हिमालयात गेले. पिंडारी हिमनदीतून पिंडर नदी निघते, तिथून काठाकाठाने दोघं पाच दिवस चालत खाली आले.

परतल्यावर बसमध्ये त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. नदीचीही तपासणी झाली होती. "पहिला दिवस : धार अरुंद, पाणी बर्फाचं. दुसरा दिवस : डावीकडून ओढा मिळाला, जोड पक्का. तिसरा दिवस : लाकडी पूल हलतो, गावात सांगितलं. दुरुस्ती हवी."

"वहिनी दमल्या असतील," मी म्हणालो.

"पुढे वाचा ना," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पाचव्या दिवसाची नोंद छोटीशी होती.

"ही पुढे, मी मागे. दुपारी पाण्यात पाय सोडून बसली आणि गाणं म्हणू लागली. दुरुस्तीची गरज नाही."