ढोलीला लावलेली पाठ

आमच्या कामठ्याच्या घरी उंदरांचं फार बरं चाललं होतं. अंगणातल्या छपराखाली बियाण्याच्या धानाची ढोली असते. बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, माझ्याहून उंच. ती ज्या लाकडी मचाणावर उभी आहे, ते इतकं ठेंगणं की खाली उंदीर शिरतो आणि मांजर बाहेर बसून नुसतं बघतं. मचाणाच्या पायांखाली दगड घालून ते उंच करायचं, असं बानं ठरवलं आणि मला कुडव्याहून बोलावून घेतलं. तिथं माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नटबोल्ट विकणाऱ्याला जड वस्तूंतलं सगळं कळतं, असा निदान माझा तरी समज होता.

"पहिले धान काढून ढोली खाली करू," मी म्हणालो. "सेफ्टी पाहिजे."

मायनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तोंड लिंपलं आहे तिचं. आता पऱ्हे टाकाच्या दिवशीच उघडतेत."

"काऊन?"

"मंधात उघडत नाहीत म्हणून."

यावर आमच्या घरात अपील नसतं. म्हणजे भरल्या ढोलीसकट मचाण उचलणं आलं. ढोली पडून फुटली, धान चिखलात गेलं, तर यंदा धानाच्या बांधीत पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, काय पेरायचं? सकाळपासून बानं तंबाखूची डबी उघडली नव्हती. तेवढ्यावरून त्याची काळजी मला समजली.

शेजारचे सोमाकाका ट्रॅक्टरचा जॅक घेऊन आले. जॅक कसा लावायचा ते मी त्यांना समजावून सांगितलं. (जॅक त्यांचाच होता.) खाली फळी कशी ठेवायची, दांडा किती दाबायचा, उभं कुठं राहायचं, हेही सांगितलं.

"एकेक पाय जरासा उचलू," काका म्हणाले. "चारी बाजूनं सारखा सारखा."

"कायले? एक बाजू पुरी करून टाकू ना. लवकर होते."

काकांनी बाकडे पाहिलं. बानं आभाळाकडे पाहिलं. मी गावी क्वचित येतो म्हणून माझं ऐकलं गेलं.

एक बाजू पुरी झाली, छान उंच झाली! साहजिकच ढोली दुसरीकडे कलली. मग कर्रकर्र आवाज आला आणि लिंपणाची एक खपली माझ्या पायावर पडली.

"गेलं बियाणं," माय शांतपणे म्हणाली.

मी धावलो. कललेल्या बाजूला जाऊन ढोलीला पाठ लावली, टाचा जमिनीत रोवल्या. समोर घराची भिंत, मागे वर्षभराचं बियाणं. दातओठ खाऊन मी एवढंच म्हणालो, "मी हालत नाही."

"हालू नोको," बा म्हणाला.

मागं जॅकची करकर आणि ठोकाठोक सुरू झाली. घामानं माझे डोळे चुरचुरत होते, सूचना द्यायलाही दम उरला नव्हता. मायनं बशीतून चहा पाजला. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं कुंपणावरून विचारलं, "काय करून राहिला गा?"

"बियाणं वाचवून राहिलो."

ती हसली. ती का हसली, हा विचार करण्याची माझी स्थिती नव्हती. हळूहळू ढोली सरळ होतेय, हे पाठीला जाणवत होतं. आपल्या अंगात एवढं बळ आहे, हे दुकानात बसून कधी कळलं नसतं. खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटला.

"सोड आता," बा म्हणाला.

"नाही बा, पडन."

"पडत नाही. नाडा कवाचाच आवळला आहे आंब्याले."

मी मान वळवली. ढोली चार दगडांवर सरळ उभी. तिच्या कमरेला बैलगाडीचा जाड नाडा, पलीकडच्या आंब्याला ताणून बांधलेला. गाठ सोमाकाकांची. मी पाठ लावली त्याच्या दुसऱ्याच मिनिटाला मारलेली, असं मायनं सांगितलं.

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

बानं डबी उघडली, तंबाखू मळली, चिमूट ओठाखाली सरकवली.

"तिथं होता तोवर तू बोलून नोहता राहिला," तो म्हणाला. "म्हणूनच तं काम झालं."